डाव्या बाजूची फक्की

लाइट गेली ते बरंच झालं. बसा असेच. कंदील लावायची गरज नाही, चांदणं आहे बाहेर. आणि त्या खुंटीवरच्या कोटाला कोणी हात लावू नका. त्याची वेळ आली की मीच काढीन.

आधी एक सांगून ठेवतो. मी भूतखेत मानत नाही. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, रात्रीबेरात्री ग्राउंडवर एकटा झोपलोय, मला कधी कोणी हाक मारली नाही. आणि ज्याची ही गोष्ट आहे तो झुंबर निरभवणे माझ्याहून कडक. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. घरात बुद्धाची तसबीर, बाकी देव्हारा नाही, अंगारा नाही, लिंबू आणलंच तर सरबताला. तेव्हा ज्याला पटणार नाही त्याने खुशाल झोपायला जावं. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

सात वर्षं झाली. मंगळवार, २३ नोव्हेंबर १९८२. दिवाळी होऊन आठवडा झालेला. अमावास्या वगैरे काही नव्हती, अष्टमीचा अर्धा चंद्र होता डोक्यावर. शाळा सुटल्यावर झुंबर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "रंगनाथ, तुझा मैदान मोजायचा टेप दे. आणि स्कूटरवर आडमाळवाडीला सोड. एक माप राहिलंय. उद्या सकाळी टायपिंगवाल्याला शेवटचं प्रकरण द्यायचंय."

आडमाळवाडी म्हणजे त्याचं गाव, नाशिकहून जाताना सिन्नरच्या अलीकडे आत सात-आठ मैल. आणि प्रकरण कसलं, तर त्याच्या पुस्तकाचं. हा माणूस नऊ वर्षं एक पुस्तक लिहीत होता. विषय काय? तर दुसऱ्या महायुद्धात विमान अगदी खालून उडत असताना बाँब नेमका टाकायला जे यंत्र लावायचे, त्याचा इतिहास! स्टाफरूममध्ये आम्ही त्याची टर उडवायचो. म्हणायचो, अरे, कोणावर टाकायचाय एवढा? हेडमास्तरांवर? तो हसायचा नाही. लंडनच्या एका संग्रहालयाला पत्रं लिहायचा, तिकडून झेरॉक्स यायचे. देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडे तसलं एक मोडकं यंत्र सापडलं, ते घरी आणून दोन वर्षं खपून त्याने चालू केलं. बॅटरीवर.

का, ते मला फार उशिरा कळलं.

त्याचा बाप, सहादू. लढाईच्या काळात विमानदलात यंत्रं दुरुस्त करायला होता. चौथी शिकलेला महाराचा पोरगा, पण हात असा की घड्याळजीने सलाम करावा. हीच नेम धरायची यंत्रं त्याच्याकडे असायची. आडमाळवाडीच्या माळावर तेव्हा विमानांचा सराव चालायचा. माळावर मोठी फुली आखलेली, मधोमध दगड. फुलीच्या रेघा पुसल्या की गावातली माणसं मजुरीवर जाऊन परत आखायची. विमानाचा आवाज आला की बाजूच्या चरात जाऊन बसायचं. रोज नुसते धुराचे बाँब पडायचे, कोणाला भीती नव्हती.

१९४४ च्या चैत्रात एक दिवस खरे बाँब टाकले. चार, ओळीनं. शेवटचा चरात पडला. तिघं गेली. त्यांत एक मैना नावाची बाई होती, झुंबरच्याच वस्तीतली. तिला आठ वर्षांचा मुलगा होता, पुंजाराम.

चौकशी झाली. निकाल आला की यंत्र बिघडलेलं होतं, दुरुस्त करणाऱ्याने हलगर्जी केली. सहादू बडतर्फ. ज्या साहेबाने बटण दाबलं तो बदली होऊन गेला, आणि सहादू आला घरी. कुठल्या घरी? ज्या वस्तीत तीन चिता पेटल्या होत्या त्या वस्तीत. सत्तावीस वर्षं तो माणूस तिथे मान खाली घालून राहिला. एकच वाक्य बोलायचा, "यंत्र चांगलं व्हतं. वारा कोनी धरलाच नाय." कोणी ऐकलं नाही. एकाहत्तर साली वारला तर खांदा द्यायला वस्तीतलं कोणी आलं नाही. झुंबर, दोन मेहुणे आणि शेजारच्या गावचा एक सुतार. तिरडी वाकडी होत होती म्हणे. हे त्याने सांगितलं तेव्हा मला माझ्या सगळ्या चेष्टांची लाज वाटली.

आता ते यंत्र कसं चालतं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. एक काच असते. काचेवर उजेडाच्या आडव्या रेघा वरून खाली सरकत राहतात. त्यातून बघायचं. लांब असताना निशाण हळू सरकतं, जवळ येईल तसं भरभर. ज्या क्षणी निशाण आणि रेघा एकाच वेगाने सरकतात, त्या क्षणी निशाण रेघांमध्ये थबकल्यासारखं दिसतं. अगदी उभं राहिल्यासारखं. तेव्हाच बटण दाबायचं. पण त्यासाठी आधी विमानाचा जमिनीवरचा खरा वेग लावावा लागतो. पाठीवर वारा घेऊन सायकल मारली की आपण जास्त जातो ना? तसंच. वारा पाठीशी असेल तर तो धरायचा. नाही धरला, तर बटण उशिरा दाबलं जातं आणि बाँब पुढे पडतो.

विमान पश्चिमेकडून आलं होतं. चर होता फुलीच्या पूर्वेला. चैत्रात दुपारनंतर त्या माळावर पश्चिमेचा वारा सुटतो हे शेंबडं पोरही सांगेल. उफणायला बसलेली बाई वारा बघितल्याशिवाय सूप उचलत नाही, आणि ह्या साहेबाने चार बाँब उचलले. पण चौकशीच्या कागदावर लिहिलेलं, हवा शांत. बस्स. त्या दोन शब्दांवर सहादू मेला. झुंबरने दिल्लीला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच, प्रकरण बंद झालेलं आहे. झुंबर म्हणायचा, "त्यांचं बंद असेल. माझं उघडं आहे." पण त्या दिवशी वारा होता याला पुरावा नव्हता. अडतीस वर्षांपूर्वीचा वारा आणायचा कुठून?

तर त्या संध्याकाळी आम्ही निघालो. थंडी पडली होती आणि हा पठ्ठ्या नुसत्या शर्टावर. मी माझा कोट त्याला दिला. शाळेच्या स्पोर्ट्सचा, निळा. मला स्वेटर होता. त्याच्या मांडीवर पिशवीत ते यंत्र. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाला, "आईला दाखवायचंय. ज्याने तिचं घर खाल्लं ते तिने एकदा बघावं तरी."

माळापाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. तो उतरला. म्हणाला, "तू हो पुढे. आईला चहा टाकायला सांग. दगडापासून चरापर्यंत मोजतो आणि येतोच." मी म्हटलं, टेप धरायला दुसरा नको? म्हणाला, "खिळा आहे."

मी गेलो. जायला नको होतं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, गेलो ते बरं झालं.

त्या दगडाची वस्तीत एक रीत होती. दिवस मावळल्यावर तिथून जायचं झालं तर तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना दगडाला पुसायचा आणि मागे न बघता चालायचं. कारण मैना दिसते. ओढ्याच्या बाजूने येते आणि टेकडीकडे जाते. दक्षिणेकडून उत्तरेकडे, कायम तशीच. आणि अर्धी पांढरी दिसते. डावं अंग पांढरं, उजवं काळं. पांढरं अंग दिसलं तर माणूस जगतो, काळं दिसलं तर वर्षात जातो, असं काय काय. तिचा चुना संपू नये म्हणून चुना द्यायचा. झुंबरने जन्मात त्या दगडाला चुना लावला नव्हता. उलट पोरांना सांगायचा, तंबाखू सोडा म्हणजे दोन्ही कामं होतील.

त्याने खिळा ठोकला, टेप ताणला, बॅटरीच्या उजेडात माप घेतलं. दोन टेप आणि वर चार मीटर. वहीत लिहिलं. काम झालं होतं, निघायचं. पण बापाचं यंत्र आणि बापाचा माळ एका जागी आलेले. त्याला वाटलं, त्या साहेबाला काय दिसलं ते एकदा आपणही बघावं. दगडावर बसला. यंत्र मांडीवर घेतलं. कळ दाबली. काचेवर रेघा सरकायला लागल्या.

माळ रिकामा. पान हलत नव्हतं. हे त्याने मला दोनदा सांगितलं. पान हलत नव्हतं.

ओढ्याच्या बाजूला काहीतरी वाजलं... घमेलं खाली ठेवल्यासारखं.

त्याने यंत्र तिकडे वळवलं.

काचेत काहीतरी होतं. लांब. बारीक. रेघा भरभर खाली जात होत्या, ते हळूहळू.

त्याने काचेच्या वरून बघितलं. माळ रिकामा.

परत काचेतून. होतं. आता मोठं. बाई होती. वाकून चालत होती, हात खाली सोडून, एका लयीत. रेघ ओढतात तसा हात...

रेघा सरकत होत्या. तीही सरकत होती. थोडी भरभर. अजून थोडी.

आणि मग...

थबकली.

रेघांच्या मधोमध. काचेत. उभी.

झुंबरचा अंगठा बटणावर होता. कधी गेला, त्याला कळलं नाही. हात आपोआप जातो म्हणे, यंत्रच तसं बनवलंय. अंगठ्याला दाब जाणवत होता. खालून नव्हे, वरून. कोणीतरी आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवल्यासारखा. दाब... दाब... आता दाब.

बटणाला काही जोडलेलं नव्हतं. नुसतं बटण. दाबलं असतं तरी काय होणार होतं? पण तो मला म्हणाला, "रंगनाथ, त्या वेळी मला खात्री होती. दाबलं की ती परत मरणार."

त्याने अंगठा उचलला. दुसऱ्या हाताने धरून उचलला. आणि ओरडला, "नाही दाबणार! एकदा दाबलंत तेवढं पुरे झालं!"

यंत्र खाली ठेवलं. रेघा चालूच होत्या. तो दगडावरून उठला. समोर कोणी नव्हतं. मुद्दाम त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला. पाठ केली नाही.

"मैनाबाई," तो म्हणाला. "मी सहादूचा झुंबर."

"माझ्या बापानं तुम्हाला मारलं नाही. तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही इथं होता. वारा होता का नव्हता, एवढंच सांगा."

काही नाही...

मग पावलं. कोरड्या गवतावर. जवळ. अगदी समोर. आणि त्याच्या बाजूने... पुढे. टेकडीकडे.

आता कोणीही काय केलं असतं? वस्तीचा रस्ता धरून पळाला असता. हा वळला आणि त्या पावलांबरोबर चालायला लागला. खांद्याला खांदा लावून. उत्तरेकडे. त्या आखलेल्या रेघेवरून, जी रेघ अडतीस वर्षांपूर्वीच पुसली गेली होती.

दहा पावलं. वीस.

डाव्या गालाला वारा लागला. गरम. नोव्हेंबरात, गरम. डोळ्यांत काहीतरी गेलं, झोंबलं. त्याने डोळे मिटले पण चालणं थांबवलं नाही. पंचवीस. तीस.

मग पावलं थांबली. वारा थांबला.

बस्स.

मी धोंडाबाईंकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, चहा पिऊन बसलो होतो. म्हातारी सत्तरीची, पण डोळे जाळासारखे. आठ वाजून दहा मिनिटांनी हा दारात आला. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात माझा टेप. आणि माझ्या कोटाची ही दशा! डावी बाही, डावा खांदा, डावा खिसा, सगळं पांढरं. उजवी बाजू निळीच्या निळी.

मला भूत बित काही सुचलं नाही. मी खेळाचा मास्तर. खो-खोची, कबड्डीची मैदानं चुन्याच्या फक्कीने आखण्यात माझा जन्म गेला. वैतागून म्हणालो, "अरे, कोणाचं मैदान आखून आलास? वाऱ्याच्या वेळी फक्की टाकू नये एवढं कळत नाही? डावीकडून होता वाटतं वारा!"

त्याने टेप खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"वारा रे. फक्की टाकताना ज्या बाजूने वारा येतो ती बाजू पांढरी होते. शाळेतला शिपाई सांगेल तुला."

तो मटकन खाली बसला. कोटाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मग हळूच म्हणाला, "उत्तरेकडे तोंड. डावी बाजू. पश्चिम." आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

अडतीस वर्षं अख्खी वस्ती सांगत होती, मैना डाव्या अंगाला पांढरी दिसते. भुताचं अंग म्हणून सांगत होती. दगडाला चुना पुसत होती. आणि ते अंग पांढरं का, एकाच बाजूला का, हे कोणी विचारलं नाही. झुंबरनेसुद्धा नाही, कारण तो भूत मानत नव्हता ना! भुताच्या गोष्टी ऐकायच्याच नाहीत म्हणून कान बंद. मानणारे घाबरले, न मानणारे हसले. पुरावा बिचारा रोज संध्याकाळी माळावरून चालत होता.

धोंडाबाई सगळं ऐकत होत्या. उठल्या. म्हणाल्या, "काढ तो कोट."

"आई, कुठे?"

"पुंजारामकडं."

"आई, ते दार उघडणार नाहीत."

"नाय उघडलं तर मोडीन," म्हातारी म्हणाली. "तुझा बा मान खाली घालून ह्या गल्लीतून गेला. म्या नाय जायची तशी. कंदील धरा, मास्तर."

मी कंदील धरला. पुढे ती, हातात कोट, बाळाला धरतात तसा अलगद, फक्की सांडू नये म्हणून. मागे आम्ही. दारादारांतून माणसं बघायला लागली. म्हातारीने कोणाकडे बघितलं नाही.

पुंजारामने दार उघडलं. शेहेचाळीस वर्षांचा दांडगा गडी. धोंडाबाईंना बघून त्याने शिवी द्यायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "शिव्या मागून दे. आधी हे बघ. तुझ्या आईला चरातून काढली तवा तू व्हता का तिथं?"

तो कंदिलाच्या उजेडात त्या कोटाकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला, पण लावला नाही.

"अशीच व्हती," तो म्हणाला. "हीच बाजू. म्या तिचं तोंड पुसलं व्हतं. एकाच बाजूला चुना व्हता. मला लय दिवस कळंना, आसं का."

"कुठून कुठं रेघ ओढायची ती?"

"ओढ्याकडनं टेकडीकडं. चुन्याचा ढीग ओढ्यापाशी असायचा ना. मी भाकर घेऊन जायचो..."

झुंबरने त्याला समजावलं. वारा, यंत्र, पश्चिम, चर. दारातच, उभ्या उभ्या. पुंजारामने सगळं ऐकलं. मग आत गेला. मला वाटलं, संपलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला आणि धोंडाबाईंच्या हातात दिला. अडतीस वर्षांनी त्या घरचं पाणी. म्हातारीने एका दमात अख्खा तांब्या संपवला आणि तोंड पुसून म्हणाली, "उंद्या येऊन सही कर कागदावर."

त्याने केली. चार ओळींचा जबाब. पुस्तक निघालं त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, नाशिकच्याच एका छापखान्यातून, तीनशे प्रती. शेवटचं वाक्य आहे, "त्या दिवशी वारा होता, पश्चिमेचा, आणि यंत्र चांगलं होतं." लंडनच्या संग्रहालयाला एक प्रत आणि इंग्रजीत सारांश गेला. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, वाऱ्याला साक्षीदार किती आणि हयात किती? झुंबरने उलट टपाली लिहिलं, "साक्षीदार दोन. एक हयात आहे, एक नाही. जबाब दोघांचा एकच आहे. तुमच्या कागदावर हवा शांत आहे, तिचा एक तरी साक्षीदार दाखवा."

त्याला उत्तर आलं नाही. येणार कुठून!

दिल्लीने प्रकरण अजून उघडलेलं नाही. न उघडू दे. एकाहत्तर साली ज्या माणसाला चार खांदे धड मिळाले नाहीत, त्याच्या नावाने वस्तीने गेल्या वर्षी वाचनालय काढलं. पाटी पुंजारामने स्वतः रंगवली. दगडाला आता कोणी चुना लावत नाही आणि मैनाही कोणाला दिसत नाही. सांगायचं होतं ते सांगून झालं असेल तिचं.

आता मी तो कोट काढतो. हळू. हां.

सात वर्षांत अकरा वेळा धुतलाय. रिठ्याने, सोड्याने, एकदा लाँड्रीतसुद्धा दिला. उजवी बाजू बघा, विटली पार. आणि ही डावी. खिशावरचा शाळेचा बिल्ला दिसतोय का? नाही ना. चुन्याखाली आहे.

मी भूत मानत नाही, आधीच सांगितलंय. एवढंच करतो. दार लावा. खिडकी लावलीय? काचेतून येतंय तेवढं चांदणं पुरे. पंखा तर बंदच आहे. तोंडाने फुंकू नका कोणी, श्वास धरा.

मी उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो आणि कोट एकदा झटकतो.

बघा... फक्की खाली पडत नाहीये.

कुठे चाललीय, तुम्हीच सांगा.